एक षष्ठांश इंचाची गोष्ट

माझी एक वर्गमैत्रीण एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. गेल्या जूनमध्ये तिचा फोन आला. "तू संशोधक ना? मग आमच्या ऑफिसात येऊन जा. शाळा सोडल्याचे दाखले बिघडताहेत. कॉम्प्युटर बदलला, प्रिंटर बदलला, काही उपयोग नाही."

गेलो. दाखल्याचा फॉर्म छापील होता. शाळेचे नाव, डाव्या बाजूला 'विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव', 'आईचे नाव', 'जन्मतारीख (अंकी व अक्षरी)' अशा अठरा बाबी, आणि प्रत्येकीपुढे मजकूर भरण्यासाठी आखलेली एक ओळ. क्लार्क भाऊसाहेब वर्ड प्रोसेसरमध्ये मजकूर तयार करून तो या फॉर्मवर छापत. पहिली ओळ अगदी जागेवर येई. दुसरी, तिसरीही बरी. नवव्या ओळीपाशी मजकूर आखलेल्या रेघेवरच बसे, इतका की जन्मतारखेतला ३ की ८ हे नीट कळू नये. आणि सतराव्या बाबीचे उत्तर जवळजवळ अठराव्या बाबीसमोर जाऊन पडे. 'शाळा सोडल्याचे कारण' हे 'शेरा' म्हणून वाचले जाई. असा दाखला पुढच्या शाळेत नेला, तर तिथे काय होते ते शिक्षकांना मी सांगायला नको.

भाऊसाहेब जुने टायपिस्ट. इंग्रजी ४०, मराठी ३० या दोन्ही परीक्षा उत्तीर्ण. त्यांनी पहिली ओळ जुळवण्यासाठी वरचा समास पुष्कळदा कमीजास्त करून पाहिला होता. पहिली ओळ वर घेतली की शेवटची सुधारे, पण पहिली बिघडे. "आणि सर, गंमत अशी, की याच फाईलवर मागच्या छपाईचे फॉर्म बरोबर निघत होते. ओळींतलं अंतर मी मोजून चोवीस पॉइंट ठेवलंय. त्यात फरक नाही."

हे वाक्य मी तेव्हा कानाआड केले. ते करायला नको होते, हे पुढे कळेल.

वर्गात हे उदाहरण देण्यासारखे आहे. चूक दोन प्रकारची असू शकते. सगळ्याच ओळी सारख्याच अंतराने खाली आल्या असतील, तर आरंभबिंदू चुकला आहे. मापनपट्टी शून्याऐवजी दुसऱ्याच खुणेवर लावली तर होते तसे. पण पहिली ओळ बरोबर आणि पुढची प्रत्येक ओळ आधीपेक्षा अधिक चुकलेली असेल, तर आरंभ ठीक आहे, पट्टीच वेगळी आहे. फॉर्मची पट्टी आणि यंत्राची पट्टी यांच्या एककांत तफावत आहे. समास कितीही हलवला तरी ती जाणार नाही. मी खिशातली पट्टी काढली आणि फॉर्मवरच्या रेघा मोजल्या. पहिल्या रेघेपासून सतराव्या रेघेपर्यंत १२८ मिलिमीटर. मध्ये सोळा अंतरे, म्हणजे प्रत्येकी ८ मि.मी. चोवीस पॉइंट म्हणजे एक तृतीयांश इंच, ८.४७ मि.मी. प्रत्येक ओळीला सुमारे ०.४७ मि.मी.ची चूक, सोळा ओळींत साडेसात मि.मी. रोग सापडला.

पण चोवीस पॉइंट हा आकडा भाऊसाहेबांच्या बोटांत कुठून आला? त्याची हकिकत दीडशे वर्षांची आहे.

अमेरिकेत मिलवॉकी येथे ख्रिस्तोफर शोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६८ मध्ये टाइपरायटरचे पेटंट घेतले. १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते यंत्र बाजारात आणले. टाइपरायटरचे मर्म त्याच्या अक्षरांपेक्षा त्याच्या पावलांत आहे. प्रत्येक कळ दाबली की कागद वाहणारा गाडा एक दाता सरकतो, ना कमी ना जास्त. त्यामुळे 'i' असो की 'm', जागा सारखीच. पुढे हे पाऊल बहुतेक यंत्रांत एक दशांश इंच किंवा एक द्वादशांश इंच असे स्थिरावले. उभ्या दिशेला कागद रबरी रुळावर गुंडाळलेला असतो; रुळाच्या टोकाला दातेरी चाक आणि खिटी. एक दाता म्हणजे एक ओळ, आणि ती रूढ झाली एक षष्ठांश इंचाची. इंचात सहा ओळी. दुहेरी अंतर ठेवले तर इंचात तीन. भाऊसाहेबांचे चोवीस पॉइंट ते हेच.

हे माप जवळपास छापखान्यातले होते. छापखान्यात 'पायका' नावाचे एक माप असते, बारा पॉइंटांचे, आणि तेही साधारण एक षष्ठांश इंच. मी 'साधारण' म्हणतो ते मुद्दाम. अमेरिकन टाइप ओतणाऱ्यांनी १८८६ मध्ये पॉइंटाचे माप ठरवले, त्यानुसार एका इंचात ७२ नव्हे, तर सुमारे ७२.२७ पॉइंट बसतात. म्हणजे पायका हा एक षष्ठांश इंचाहून किंचित लहान. एका ओळीत हा फरक डोळ्यांना दिसणारही नाही. पण अकरा इंची कागदावर ६६ ओळी मोजल्या, तर छापखान्याच्या पायकाने आखलेला फॉर्म आणि टाइपरायटरची ओळ यांत एक मिलिमीटरचे अंतर पडते. युरोपात दिदो पॉइंट चाले, तो ०.३७६ मि.मी.चा. त्याच्या बारा पॉइंटांच्या मापाने, म्हणजे साडेचार मि.मी.वर, आखलेला फॉर्म एक षष्ठांश इंचाच्या यंत्रावर चढवला, तर वीस ओळींतच साडेपाच मिलिमीटरचा घोळ.

मग टायपिस्ट लोक फॉर्म भरत कसे? सुरुवातीला फारच कष्टाने. शोल्स यांच्या यंत्रात खिळे खालून येऊन रुळाच्या पोटावर आपटत. टंकलिखित ओळ टायपिस्टला दिसतच नसे. पाहायची तर गाडा उचलावा लागे. फ्रान्झ वाग्नर यांनी १८९० च्या दशकात खिळे समोरून आपटणारी रचना केली, आणि ती अंडरवुड टाइपरायटरमधून जगभर पसरली. आता उमटणारे अक्षर उमटता क्षणी दिसू लागले. साध्या पत्रासाठी ही सोय म्हणता येईल. फॉर्मसाठी ती क्रांती होती. टायपिस्ट रुळाच्या टोकाची मूठ आत दाबून खिटी सोडवी, कागद हाताने केसभर फिरवी, छापील रेघ रुळासमोरच्या लहान पट्टीला टेकवी आणि मग टाइप करी. पुढची ओळ चुकत आहे असे दिसले की पुन्हा केसभर. फॉर्म कोणत्या मापाने आखला आहे याची तिला फिकीर नव्हती. अभियांत्रिकीत याला फीडबॅक म्हणतात: चूक मोजायची, आणि ती वाढण्याआधीच उलट दिशेने दुरुस्त करायची. इथे मोजणारा डोळा आणि दुरुस्त करणारा हात, दोन्ही टायपिस्टचे. सायकल चालवताना आपण हेच करतो.

पुढचा सारा इतिहास हा डोळा काढून घेण्याचा आहे. डोळा काढला की त्याच्या जागी दुसरे काहीतरी बसवावे लागते. काय काय बसवले ते पाहू या.

पहिले उत्तर मिळाले ते टाइपरायटरच्या बाहेर, दुकानाच्या गल्ल्यावर. अमेरिकेतल्या डेटन शहरात पावत्या हाताने लिहिण्याची पेटीवजा यंत्रे चालत. आत छापील पावत्यांच्या दोन-तीन गुंडाळ्या, मध्ये कार्बन. लिहायचे, मूठ फिरवायची, पावती बाहेर. कागद रुळांच्या घर्षणाने पुढे सरके. तीन थर सारखे सरकत नसत, आणि काही पावत्यांनंतर वरच्या प्रतीतला आकडा खालच्या प्रतीत भलत्याच चौकटीत जाई. थिओडोर शर्मर यांनी कागदाच्या कडेला भोके पाडली आणि रुळाला खुंट्या बसवल्या. या कल्पनेवर १९१२ मध्ये डेटन येथे स्टँडर्ड रजिस्टर ही कंपनी उभी राहिली.

दिसायला ही किरकोळ युक्ती आहे, पण तिच्यामागचे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. समजा घर्षणाने सरकणारा कागद प्रत्येक ओळीला एक शतांश मिलिमीटर जास्त सरकतो. बहात्तर ओळींच्या एका पानात ०.७२ मि.मी., दहा पानांत ७.२ मि.मी. चूक साठत जाते. ती कधी इकडे तर कधी तिकडे अशी यादृच्छिक असेल, तर ती ओळींच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढेल, म्हणजे सावकाश, पण वाढेल. खुंटी आणि भोक असले म्हणजे चूक साठतच नाही. प्रत्येक भोकापाशी हिशेब पुन्हा शून्यावर येतो. हजारावे पान पहिल्या पानाइतकेच बरोबर किंवा चूक.

ही भोकांची पट्टी आपल्यापैकी अनेकांनी फाडली आहे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या कागदाच्या दोन्ही कडांना ती असे, आणि तिच्यापासून वर्गातली मुले कागदी साखळ्या करीत. त्या भोकांतले अंतर किती? अर्धा इंच. म्हणजे दोन भोकांमध्ये बरोबर तीन ओळी. अकरा इंची पान म्हणजे २२ भोके, ६६ ओळी. भारतातल्या दुकानांत खोक्यावर '१०×१२×१' असे लिहिलेला कागद मिळे. तो बारा इंची, २४ भोके, ७२ ओळी. कागद, यंत्र आणि ओळ तिन्ही एकाच मापाची झाली होती. या जुळणीतला विनोद असा, की दशमान पद्धतीच्या ए-४ कागदाची लांबी २९७ मि.मी.; सहाच्या हिशेबाने त्यात ७०.१६ ओळी बसतात. पूर्णांकच नाही! ए-४ लांबीचे फॉर्म एकाला एक जोडून छापले, तर दर पानाला ०.१६ ओळीचा तुकडा कुठे ठेवायचा? आपण मोजमापांत मेट्रिक झालो, पण ऑफिसातला कागद बराच काळ इंचांतच राहिला, त्याला हेही एक कारण असावे असे मला वाटते.

कागद नेमका सरकला तरी कोणत्या ओळीवर थांबायचे हे यंत्राला कोण सांगणार? १९५९ मध्ये आयबीएमने १४०१ संगणकाबरोबर १४०३ हा प्रिंटर आणला. एका ओळीत १३२ अक्षरे, मिनिटाला ६०० ओळी. इतक्या वेगात डोळ्याचा प्रश्नच नव्हता. त्यासाठी एक देखणी तोड होती, आधीच्या यंत्रांतून चालत आलेली. प्रिंटरच्या बाजूला कागदी पट्टीचे एक कडे बसवलेले असे. कड्यावरच्या ओळी फॉर्मच्या ओळींइतक्याच, आणि ते कागदाबरोबर फिरे. त्यात बारा उभे मार्ग. वीजबिल छापायचे असेल, तर बिलाची पहिली ओळ जिथे येते तिथे पहिल्या मार्गावर भोक पाडायचे, ग्राहकाच्या पत्त्यापाशी दुसऱ्या मार्गावर, एकूण रकमेपाशी तिसऱ्या मार्गावर. संगणक आज्ञा देई, 'तिसऱ्या मार्गावरच्या भोकापर्यंत सरक', की कागद धाडकन रकमेच्या चौकटीपाशी येऊन थांबे. ते कडे म्हणजे फॉर्मची एक सांकेतिक नक्कलच. फॉर्म बदलला की कडे बदलायचे, प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. जुन्या फोरट्रान भाषेत छापायच्या ओळीचे पहिले अक्षर '१' असले तर प्रिंटर नव्या पानावर उडी मारी. तो '१' या पहिल्या मार्गाचाच.

हीच कल्पना भोकांतून निघून आकड्यांत शिरली. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आस्की या संकेतावलीत ९ ते १३ हे क्रमांक अक्षरांना दिलेले नाहीत. ते कागदाच्या हालचालींना दिलेले आहेत: आडवी टॅब, पुढची ओळ, उभी टॅब, 'फॉर्म फीड' आणि गाडा परत. सी भाषा शिकलेल्या विद्यार्थ्यांना '\n' आणि '\t' पाठ असतात. '\f' आणि '\v' कशाला, हे मी अनेकांना विचारून पाहिले आहे. 'फॉर्म फीड' म्हणजे नवे पान एवढे उत्तर मिळते. पण त्याच्या नावात 'पान' नाही, 'फॉर्म' आहे. पुढचा छापील फॉर्म पुढे आण, असा त्याचा अर्थ. आणि उभी टॅब म्हणजे फॉर्मवरच्या पुढच्या ठरलेल्या ओळीपर्यंत जा. आज मोबाइलवर पाठवलेल्या साध्या निरोपाच्या संकेतावलीतही वीजबिलाचा तो कागद असा दडून बसलेला आहे.

इथवर यंत्राने फॉर्मला जुळवून घेण्याचे प्रयत्न झाले. उलट बाजूने विचार झाला तो व्यापारात. परदेशी माल पाठवायचा तर बीजक, जहाजाची पावती, विमा, जकात, मूळ देशाचा दाखला अशी कागदांची चळत लागे, आणि प्रत्येकावर तीच नावे, तेच पत्ते, पण वेगवेगळ्या जागी. प्रत्येक फॉर्म वेगळा टाइप करायचा, वेगळा जुळवायचा, वेगळा तपासायचा. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाने १९६३ मध्ये यासाठी एक आराखडा मान्य केला. माल पाठवणारा कोणत्याही फॉर्मवर डाव्या कोपऱ्यात वरती, त्याच्या खाली माल घेणारा, आणि असेच पुढे. मग एकदाच टाइप करून तोच मजकूर सगळ्या फॉर्मांवर उमटवता येई; नको ती चौकट झाकून टाकली की झाले. १९८१ मध्ये हा आराखडा संयुक्त राष्ट्रांची शिफारस म्हणून जगासमोर आला. भारतातही निर्यातीच्या कागदपत्रांसाठी १९९० च्या दशकात याच पायावर सुधारित फॉर्म आले.

त्या कामाचा मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे फॉर्म आखण्याचा तक्ता. त्याचे आंतरराष्ट्रीय मानक १९७७ चे, आयएसओ ३५३५. कागद मेट्रिक, ए-४. पण आतली जाळी एक दशांश इंच रुंद आणि एक षष्ठांश इंच उंच चौकटींची, म्हणजे २.५४ आणि ४.२३ मि.मी. मेट्रिक मानक लिहिणाऱ्यांना हे आकडे लिहिताना फार आनंद झाला नसावा. तरी त्यांनी लिहिले, कारण जगातले लाखो टाइपरायटर आणि प्रिंटर त्याच पावलाने चालत होते. फॉर्म सुबक दिसतो की नाही हे नंतर. तो भरणाऱ्या यंत्राच्या पावलावर बसला पाहिजे. डोळ्याची जागा आता एका समाईक मापाने घेतली होती.

याची एक बहीण शिक्षकांच्या रोजच्या ओळखीची आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या आयर्नवुड गावी रेनॉल्ड जॉन्सन हे शाळेत विज्ञान शिकवीत. उत्तरपत्रिका तपासण्याचा कंटाळा हा त्यांच्या शोधाचा उगम असणार, असे मला शिक्षकांच्या बाजूने वाटते. पेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून वीज वाहते, याचा उपयोग करून त्यांनी खुणा वाचणारे यंत्र बनवले. आयबीएमने त्यांना १९३४ मध्ये नोकरीवर घेतले आणि १९३८ मध्ये ८०५ हे गुण मोजणारे यंत्र काढले. तिथे प्रश्न उलटा होता: छापील जागेवर लिहायचे नव्हते, छापील जागेवरचे वाचायचे होते. पुढे प्रकाशाने वाचणारी यंत्रे आली. आजच्या ओएमआर उत्तरपत्रिकेच्या कडेला काळ्या आयतांची एक रांग असते. मुले विचारतात, ही कशाला? ती डेटनच्या भोकांचीच छापील आवृत्ती आहे. प्रत्येक आयतापाशी यंत्र आपला हिशेब शून्यावर आणते.

आता वर्ड प्रोसेसर. १९७८ मध्ये आलेल्या वर्डस्टार या प्रोग्रॅमने अनेकांना संगणकावर लिहायला शिकवले. त्यात ओळीच्या सुरुवातीला टिंब देऊन आज्ञा लिहीत. '.पीएल ६६' म्हणजे पान ६६ ओळींचे. '.एलएच ८' म्हणजे ओळीची उंची इंचाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागांत आठ, अर्थात एक षष्ठांश इंच. '.सीडब्ल्यू १२' म्हणजे अक्षराची रुंदी इंचाच्या एकशेविसाव्या भागांत बारा, अर्थात एक दशांश इंच. हे अठ्ठेचाळीस आणि एकशेवीस कुठले? त्या काळच्या डेझीव्हील प्रिंटरांच्या मोटरींची ती पावले होती. इप्सनच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांत हेच पाऊल इंचाच्या २१६ व्या भागापर्यंत बारीक करता येई. वापरायला हे सगळे कटकटीचे खरे, पण लिहिणाऱ्याला यंत्राचे पाऊल माहीत असे. मेलमर्ज ही जोड वापरून शंभर विद्यार्थ्यांची नावे शंभर फॉर्मांवर छापताना, कितव्या ओळीवर आणि कितव्या अक्षरावर हे बोटे मोजून सांगता येई. फॉर्मवर चौकटींचा कागद ठेवा, मोजा, टाका. बँकेतले पासबुक भरताना प्रिंटरवरचा माणूस शेवटची भरलेली ओळ कितवी ते आधी मोजून सांगतो, ती याच परंपरेतली रीत.

मग पडद्यावर दिसते तसेच कागदावर उमटू लागले. १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट या भाषेने पॉइंट हा इंचाचा नेमका ७२ वा भाग मानला आणि तो जुना ०.२७ चा काटा काढून टाकला. आजच्या प्रचलित वर्ड प्रोसेसरांत आतले एकक 'ट्विप' आहे, पॉइंटाचा विसावा भाग, इंचाचा १४४० वा. अचूकता टाइपरायटरपेक्षा शेकडो पटींनी वाढली. आणि नेमक्या याच काळात फॉर्म जुळेनासे झाले! कारण ओळ आता ताणली जाऊ लागली. 'सिंगल' अंतर म्हणजे किती, हे टाइप कोणता निवडला यावर ठरते. बारा पॉइंटांचे रोमन अक्षर बारा पॉइंटांत मावत नाही. ओळ तेरा-चौदा पॉइंटांची होते. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, म्हणून तिची ओळ सहसा त्याहून उंच. एकाच दाखल्यात एक ओळ मराठी, दुसरी इंग्रजी असली की दोघींची उंची वेगळी. टाइपरायटरवर असे होणे शक्य नव्हते. दातेरी चाकाला लिपी कळत नाही. शिवाय अक्षरांची रुंदीही आता कमीजास्त, त्यामुळे स्पेसबार दाबून चौकटीपर्यंत पोचायचे तर नाव बदलले की जागा बदलते.

म्हणजे डोळा काढून घेतला, आणि त्याच्या जागी ठेवलेले समाईक मापही काढून घेतले. उरली ती नुसती अचूकता. प्रिंटर आंधळेपणाने, पण फार अचूकपणे चुकीच्या जागी छापतो.

शाळेतल्या त्या दुपारी पुढे काय केले ते सांगतो, म्हणजे आपल्या ऑफिसात कुणाला उपयोग होईल. आधी कोऱ्या ए-४ कागदावर चार कोपऱ्यांपाशी ठरावीक अंतरांवर फुल्या छापल्या आणि पट्टीने मोजल्या. छापताना 'पानात बसवा' असा पर्याय निवडलेला असेल तर सगळेच आक्रसते; ९७ टक्के झाले तर १२८ मि.मी.चे १२४ होतात. तसे नव्हते. मग तो कागद फॉर्मवर ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेला लावले. आरंभबिंदू जुळला. तिरपेपणा पाहिला: कागद आत जाताना ए-४ च्या लांबीत एक मिलिमीटर कलला, तर रुंदीच्या दुसऱ्या टोकाला मजकूर ०.७ मि.मी. वर-खाली होतो. तेवढे चालण्यासारखे होते. उरले एकक. ८ मि.मी. म्हणजे २२.६८ पॉइंट. प्रोग्रॅम पॉइंटाच्या विसाव्या भागापर्यंतच ऐकतो, म्हणून 'नेमके २२.७' असे अंतर दिले. सोळा ओळींत उरणारी चूक ०.१३ मि.मी. रेघेच्या जाडीइतकीही नाही. 'नेमके' हा शब्द महत्त्वाचा. तो पर्याय निवडला की मराठी-इंग्रजी ओळींची उंची सारखी राहते. रिकाम्या ओळी आणि स्पेस काढून टाकून मजकूर रेघा न दिसणाऱ्या तक्त्यात ठेवला, घरांची उंची नेमकी ०.८ सें.मी. दिली, तरी तेच साधते. मला तक्ताच बरा वाटतो.

पावसाळ्याचा प्रश्नही भाऊसाहेबांनीच काढला. कागदाचे तंतू दमट हवेत फुगतात, लांबीपेक्षा जाडीत अधिक, म्हणून कागद तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त वाढतो. हजारात एक भाग वाढला तरी २९७ मि.मी.ला ०.३ मि.मी. दाखल्याला त्याने बिघडत नाही, फॉर्म कपाटात सपाट ठेवले म्हणजे पुरे. वळलेला कागद प्रिंटरमध्ये अधिक कलतो.

निघताना मला भाऊसाहेबांचे पहिले वाक्य आठवले: याच फाईलवर मागच्या छपाईचे फॉर्म बरोबर निघत होते. मी जुना फॉर्म मागितला. कपाटाच्या तळातून एक पिवळा पडलेला निघाला. मोजला. पहिल्या रेघेपासून सतराव्यापर्यंत साडेएकशेपस्तीस मिलिमीटर. सोळा तृतीयांश इंच! कुणीतरी, टाइपरायटरच्या काळात, छापखान्यात बसून इंचात तीन ओळी असे सांगून तो आखून घेतला होता, आणि पुढच्या प्रत्येक छपाईत तो तसाच उतरत आला होता. नव्या छपाईच्या वेळी छापखान्याने तो संगणकावर पुन्हा आखला आणि ८.४७ चे सोयीस्कर ८ केले. भाऊसाहेब म्हणाले, "म्हणजे मी बरोबर होतो." ते बरोबरच होते.

पुढच्या छपाईला फॉर्म पुन्हा एक तृतीयांश इंचावर आखायचे ठरले आहे. तोवर नव्या फॉर्मांचे दोन गठ्ठे संपवायचे आहेत, आणि कपाटात जुन्याही चाळीसेक प्रती सापडल्या. भाऊसाहेबांनी आता दोन फाईली केल्या आहेत. एकीचे नाव '२४', दुसरीचे '२२.७'.